पीडितेच्या वकिलाचा पगार कोण देणार?

दिंडोशीच्या सत्र न्यायालयात मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा, म्हणजे पोक्सोचा, खटला चालतो तेव्हा आरोपीला वकील असतोच. त्याच्याकडे पैसे नसतील तर राज्य वकील देते, आणि ते योग्यच आहे. समोर सरकारी वकील असतात, पण ते राज्याची बाजू मांडतात. अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या ज्या मुलीवर अत्याचार झाला, फक्त तिचे हित पाहणारा वकील मात्र तिथे असेलच याची खात्री नसते. खरे तर २०१२ च्या पोक्सो कायद्यातल्या कलम ४० ने तिला तो हक्क दिला आहे. घरच्यांना परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने वकील द्यायचा आहे.

हा वकील नेमके काय करतो? आरोपीच्या जामीनअर्जावर मुलीचे म्हणणे मांडतो. साक्ष देताना आरोपी तिच्या नजरेसमोर येऊ नये, उलटतपासणीत तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडू नयेत, यासाठी उभा राहतो. आणि भरपाईचा अर्ज करतो. हे शेवटचे काम कुणी पाठपुरावा केला नाही तर सहज राहून जाते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार एफआयआर नोंदल्यावर केव्हाही अंतरिम भरपाई मागता येते. आरोपी निर्दोष सुटला किंवा सापडलाच नाही, तरी भरपाईचा आदेश होऊ शकतो, आणि आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्याने रक्कम द्यायची असते. पीडितांना अर्थसाहाय्य देणारी महाराष्ट्राची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. पुढच्या सुधारणेत तिची कमाल मर्यादा १० लाख रुपयांवर गेली.

हा पैसा म्हणजे दुःखाची किंमत नव्हे. अत्याचार करणारा बाप किंवा नवरा असेल, तर तक्रार होते त्याच दिवशी घरातली कमाई थांबते. खोलीचे भाडे, शाळा बदलणे, समुपदेशन, कोर्टाच्या तारखेला बुडणारा रोज, हा सगळा खर्च आईच्या अंगावर पडतो. म्हणून भरपाई खटल्याच्या सुरुवातीला हवी. निकालाची वाट पाहत बसण्याइतका दम या घरांत नसतो.

मुंबईत भरपाईचे दावे चालवणाऱ्या वकिलांची वानवा नाही. लोकलच्या अपघातात माणूस गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण आहे. तिथली मृत्यूची भरपाई २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. रस्त्यावरच्या अपघातासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. पैसे देणारी रेल्वे किंवा विमा कंपनी समोर असल्याने त्या कामावर वकिलाचे घर चालते. अत्याचाराच्या प्रकरणात बऱ्याचदा आरोपीकडून वसूल करण्यासारखे काही नसते आणि पीडितेकडे फी द्यायला काही नसते. अमेरिकेत वकील मिळालेल्या भरपाईतला हिस्सा घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियम त्याला मनाई करतो. तो नियम राहावा. पीडितेच्या पैशात कुणाचा वाटा नसावा. पण मग फी कुणी द्यायची, याचे उत्तर राज्यालाच द्यावे लागेल.

आजवर हे काम निष्ठेवर चालले आहे. फ्लेविया ॲग्नेस यांनी लग्नात वर्षानुवर्षे मार सोसला, त्यातून बाहेर पडून शिक्षण पूर्ण केले आणि १९८८ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली. त्यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या ‘मजलिस’ संस्थेने शहरातल्या असंख्य स्त्रियांना कोर्टात आधार दिला. पुढे ‘राहत’ उपक्रमातून लैंगिक अत्याचारग्रस्तांना पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत सोबत मिळू लागली. या कामाचे मोल मोठे आहे. पण मुंबईच्या उपनगरांचा भार एका-दोन संस्थांवर टाकून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

चांगला वकील असेल तर कायदा किती पुढे जातो, तेही मुंबईनेच पाहिले आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २२ नुसार शारीरिक इजेबरोबर मानसिक छळाचीही भरपाई मागता येते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात पत्नीला मंजूर झालेली ३ कोटी रुपयांची भरपाई कायम केली. ते कुटुंब सुस्थितीतले होते. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या झोपडीत राहणाऱ्या बाईला तेच कलम लागू आहे. फक्त तिच्यासाठी ते वापरणारा माणूस हवा.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये गरीब आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ, मानधनावरच्या वकिलांची योजना आखली. पीडितांच्या वाट्याला मात्र अजून पॅनेलवरचे, प्रकरणागणिक तुटपुंजी फी मिळणारे वकीलच येतात. तरुण वकिलाने या कामाला आयुष्य द्यावे अशी अपेक्षा असेल, तर त्याला घर चालवता येईल इतका पगार द्यायला हवा. दिंडोशीत आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड इथल्या न्यायालयांत पीडितांसाठी पूर्णवेळ वकिलांची पदे राज्य सरकारने निर्माण करावीत. उपनगरांतल्या आमदारांनी ही मागणी विधिमंडळात लावून धरावी.

तोवर वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी आणि शेजारीपाजारी सांगावी: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक मूल मोफत वकिलाला पात्र आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.