थोड्या पैशांचा फोन व त्याची पारख

बाजारांत आलेल्या एखाद्या नव्या वस्तूविषयीं मत द्यावयाचें झाल्यास तिच्यांत काय काय आहे याची यादी करावयाची, आणि यादी लांब असेल तर वस्तु चांगली व आंखूड असेल तर वाईट, असा निकाल द्यावयाचा, ही रीति सध्यां सर्वत्र रूढ झालेली दिसते. भारी किंमतीच्या वस्तूंच्या बाबतींत या रीतीनें फारसा अपाय होत नाहीं. कारण तेथें कारखानदाराला फारच थोडें सोडावें लागतें. परंतु जी वस्तु सहा-सात किंवा आठ-दहा हजार रुपयांच्या मर्यादेंत बसविलेली असते, तिच्यांत काय आहे यापेक्षां काय गाळलें आहे, आणि तें कोणाच्या सोयीसाठीं गाळलें आहे, हें पाहणें अधिक अगत्याचें आहे असें मला वाटतें. प्रस्तुत लेखांत स्वस्त स्मार्टफोनाच्या उदाहरणानें हा विचार मांडावयाचा आहे.

शाळेच्या वार्षिकांत फोनाची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर एवढेंच कीं, सन २०२० च्या मार्च महिन्यांत शाळा बंद झाल्या आणि पुढें कित्येक महिने आमच्या विद्यार्थ्यांची पाटी, फळा आणि वर्ग हें सर्व त्या वीतभर यंत्रांत सामावलें. त्या वर्षीं जूनमध्यें आमच्या शाळेंतील एका मुलीचे वडील माझ्याकडे आले. बाजार समितींत हमाली करून संसार चालविणारे गृहस्थ. "सर, आठ हजार जमवलेत. एवढ्यांत कोणता घ्यावा तेवढं सांगा, आम्हांला त्यांतलं कळत नाही," असें ते म्हणाले. त्यांतलें मलाही फारसें कळत नव्हतें, हें मीं त्यांस सांगावयास पाहिजे होतें. तें न सांगतां मी त्यांच्याबरोबर दुकानांत गेलों, दोन खोक्यांवरील आंकडे वाचले, ज्यावर आंकडे अधिक व मोठे होते तें खोकें त्यांच्या हातीं दिलें, आणि उत्तम सल्ला दिल्याच्या समाधानांत घरीं परतलों.

त्या फोनाला पाठीमागें चार कॅमेरे होते, पाठ आरशासारखी चकचकीत होती, पडदा ऐसपैस होता. वर्ष संपलें नाहीं तोंच तो पावलोपावलीं अडूं लागला. धडा उघडावयास वेळ, लिहिलेल्या उत्तराचा फोटो धाडावयास वेळ. 'जागा शिल्लक नाहीं' ही सूचना तर नित्याचीच. मुलगी रोज रात्रीं आदल्या दिवसाच्या धड्यांचे फोटो पुसून उद्यांच्या धड्यांना जागा करी. ती हें मला हसत सांगे. मला हसूं येत नसे. वडिलांनीं एकदांही तक्रार केली नाहीं. आठ हजार रुपयांसाठीं त्यांनीं किती पोतीं पाठीवर वाहिलीं असतील याचा हिशेब मीं एकदां मनाशीं करून पाहिला होता. तो येथें देत नाहीं.

तेव्हांपासून या विषयाकडे मी अधिक लक्ष देऊं लागलों, आणि एक गोष्ट ध्यानांत आली, जी आम्हां शिक्षकांस खरें पाहतां आधींच ठाऊक असावयास हवी होती. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेंतील सर्व प्रश्न सारख्याच तपशिलानें लिहिणें बहुतेकांस शक्य नसतें. शहाणा विद्यार्थी कशाला किती वेळ द्यावयाचा व काय सोडावयाचें हें पहिल्या दहा मिनिटांत ठरवितो, आणि जें लिहितो तें नीट लिहितो. दुसरा एक असतो. तो सर्व प्रश्नांना हात घालतो, प्रत्येकाखालीं दोन-दोन ओळी लिहितो, सुबक मथळे देतो, त्यांखालीं लाल शाईच्या रेघा ओढतो, आणि आंत कांहींच नसतें. नुसतीं पानें चाळणाराला दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका अधिक भरलेली दिसते. किंमतीची मर्यादा हे कारखानदाराचे तीन तास होत. मीं त्या दिवशीं दुकानांत पानें चाळलीं होतीं, उत्तरें वाचलीं नव्हतीं.

शहाण्या विद्यार्थ्याचें मला ठाऊक असलेलें सर्वांत चांगलें उदाहरण आतां बरेंच जुनें झालें आहे. मे २०१४ मध्यें मोटोरोला कंपनीनें मोटो ई नांवाचा फोन काढला. भारतांत त्याची किंमत ६,९९९ रुपये होती. त्याला पुढचा कॅमेरा नव्हता. फ्लॅश नव्हता. मागचा कॅमेरा पांच मेगापिक्सेलचा, आणि त्याचा फोकस कायमचा एका ठिकाणीं बसविलेला. अंगची साठवण अवघी ४ जीबी, आणि तींतलीही निम्म्याच्या आसपासच जागा वापरणाराच्या वाट्याला येई. वरून कार्ड घालण्याची सोय होती, एवढाच दिलासा. हें वाचून कोणीही तो फोन टाकाऊ ठरवील. परंतु सोडलेल्या प्रश्नांच्या बदल्यांत लिहिलेले प्रश्न पाहावे. ४.३ इंची पडदा ९६० गुणिले ५४० ठिपक्यांचा, म्हणजे अक्षर स्वच्छ दिसण्याइतका दाट; त्यावर ओरखड्यांस सहजासहजीं दाद न देणारी गोरिला कांच; रॅम १ जीबी, जेव्हां त्याच्या बरोबरीच्या कित्येक फोनांत ती याच्या निम्मी असे; दिवसभर साथ देणारी १,९८० एमएएचची बॅटरी; आणि अँड्रॉइडची पुढची आवृत्ति देण्याचें आश्वासन, जें पुढच्या वर्षीं पाळलें गेलें. ज्या ठिकाणीं दिवसांतून शंभर वेळां डोळा आणि बोट पडतें तेथें पैसा घातला, आणि आठवड्यांतून एकदां ज्याची आठवण होते तेथून तो काढून घेतला. कोणीतरी मेजाशीं बसून, आपल्या गिऱ्हाइकाचा दिवस डोळ्यांपुढें आणून हा विचार केला होता, असें तो फोन हातांत घेतां जाणवे.

तथापि हा निवाडा कायमचा नव्हे. हाच फोन २०२० सालीं आमच्या त्या मुलीच्या हातीं असता तर काय झालें असतें? पुढचा कॅमेरा नसल्यामुळें शिक्षकाला तिचा चेहरा दिसला नसता. बसविलेल्या फोकसच्या कॅमेऱ्याला जवळचें अक्षर धूसर दिसतें, म्हणून तिच्या वहीच्या पानाचा फोटो मला वाचतां आला नसता. आणि तिचे गुण त्याच फोटोवर अवलंबून होते. जो त्याग २०१४ सालीं शहाणपणाचा ठरला तोच सहा वर्षांनीं तिला घातक झाला असता. वस्तूंत तिळमात्र फरक पडला नाहीं, तिच्याकडून घ्यावयाचें काम बदललें. म्हणूनच 'हा फोन चांगला आहे काय' हा प्रश्न माझ्या कानाला अपुरा वाटतो. व्याकरणाच्या तासाला मुलांस सांगतों तें येथेंही लागू आहे: वाक्यांतली चतुर्थी राहिली आहे.

आतां लाल शाईच्या रेघांकडे वळूं. सर्व सोंगें आणतां येतात, पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. स्वस्त फोनांचे कित्येक कारखानदार नेमकें तेंच सोंग आणूं पाहतात. पाठीवर तीन-चार डोळे दिसले कीं फोन भारी वाटतो. परंतु त्यांपैकीं एकच काय तो कामाचा, आणि उरलेल्यांत 'मॅक्रो' किंवा 'डेप्थ' अशीं नांवें धारण करणारे दोन-दोन मेगापिक्सेलचे डोळे, हा प्रकार २०२० च्या सुमारास फार बोकाळला होता. नाकापेक्षां मोती जड, आणि त्यांतून मोतीही खोटा! या डोळ्यांस फार खर्च येत नाहीं, हें कबूल. परंतु थोडा तरी येतोच, आणि तो जेथें खोक्यावर आंकडा छापावा लागत नाहीं अशा जागेंतून काढला जाण्याचा संभव अधिक.

अशी एक जागा म्हणजे साठवणीची जात. '६४ जीबी' हा आंकडा खोक्यावर ठळक असतो. ती साठवण ईएमएमसी पद्धतीची आहे कीं यूएफएस पद्धतीची, हें पुष्कळदां बारीक अक्षरांतही सांपडत नाहीं. ईएमएमसी म्हणजे घाटांतला एकेरी रस्ता; वरून गाडी येत असली कीं खालच्या गाडीनें थांबावयाचें. माहिती लिहिणें आणि वाचणें तेथें एकाच वेळीं चालत नाहीं. यूएफएसमध्यें दोन्ही बाजूंची वाहतूक एकदम होते. एक धडा उतरून घेत असतां दुसरा उघडावयाचा झाला म्हणजे हा भेद जाणवतो, आणि साठवण भरत आली म्हणजे तर फारच. त्या मुलीच्या फोनाचा श्वास बहुधा येथेंच कोंडत असावा. चार कॅमेरे मोजतांना मीं हा प्रश्न दुकानदारास विचारला नाहीं, कारण असा प्रश्न असतो हेंच मला ठाऊक नव्हतें.

याच्या उलट, ज्याला लोक कद्रूपणा म्हणतात तें कधीं कधीं शहाणपण असतें. पडदा ७२० गुणिले १६०० ठिपक्यांचा आहे, १०८० गुणिले २४०० चा नाहीं, म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ. गणिताच्या तासाला हा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. पहिल्यांत ११,५२,००० ठिपके होतात, दुसऱ्यांत २५,९२,०००. दुर्बळ प्रोसेसरला दरवेळीं दुपटीहून अधिक ठिपके रंगवावयास लावणें म्हणजे बैल तेच ठेवून गाडींत दुप्पट माल भरणें होय. बॅटरीवरही त्याचा भार पडतो तो वेगळाच. साडेसहा इंची पडद्यावर पहिल्या प्रकारांत इंचाला सुमारें २७० ठिपके येतात, आणि मराठीची मात्रा-वेलांटी वाचावयास तेवढे पुरेसे आहेत. प्लॅस्टिकच्या पाठीविषयींही हेंच म्हणतां येईल. कांचेची पाठ हाताला थंडगार लागते आणि फरशीवर पडली कीं तडकते. प्लॅस्टिकवर ओरखडा उठतो आणि फोन पुन्हां कामाला लागतो.

नोव्हेंबर २०२१ मध्यें रिलायन्स जिओनें गूगलच्या सहकार्यानें 'जिओफोन नेक्स्ट' काढला. किंमत ६,४९९ रुपये, किंवा आरंभीं १,९९९ रुपये भरून पुढें हप्त्यांनीं. रॅम २ जीबी, साठवण ३२ जीबी, बोटाच्या ठशानें उघडण्याची सोय नाहीं, चार्जिंगचें तोंड जुन्या मायक्रो-यूएसबी पद्धतीचें. मी त्याचा कैवारी नाहीं. २ जीबी रॅम त्या सालीं तोकडीच होती, आणि तोकड्या रॅमचें दुःख काय असतें हें मीं वर सांगितल्यासारख्या घरांत पाहिलें आहे. परंतु त्यांत दोन गोष्टी माझ्या मनांत भरल्या. पाठ उघडून बॅटरी हातानें काढतां येई, जें तोंपर्यंत स्मार्टफोनांतून जवळजवळ नाहींसें झालें होतें. आणि पडद्यावरील मजकूर आपल्या भाषेंत उतरवून मोठ्यानें वाचून दाखविण्याची सोय अगदीं हाताशीं ठेवलेली होती. ज्या घरांत नातीला वाचतां येतें पण आजीला येत नाहीं, त्या घराची आठवण योजकास झाली होती म्हणावयाची. येथें चतुर्थी होती.

बॅटरी क्षीण झाल्यावर काय, आणि फोन बिघडला तर काय, हे प्रश्न थोड्या पैशांच्या गिऱ्हाइकाला सर्वांत जवळचे. कारण त्याला दर दोन वर्षांनीं नवा फोन परवडत नाहीं. नवल असें कीं, खोक्यावर याच प्रश्नांविषयीं मौन असतें. २० जून २०२५ पासून युरोपीय संघांत विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांबरोबर एक चिठ्ठी द्यावी लागते. एका भरण्यावर बॅटरी किती वेळ चालते, किती भरण्यांपर्यंत ती टिकते, फोन हातांतून पडला असतां कितपत तग धरतो, आणि दुरुस्तीस किती सोपा आहे, हें सर्व तींत दिलेलें असतें. कॅमेऱ्यांची संख्या तींत नसते. तशी चिठ्ठी आपल्याकडे आली तर शिक्षकांचे सल्ले विचारण्याची पाळी हमालांवर येणार नाहीं, आणि शिक्षकांचीही अब्रू वांचेल.

मग शोभेला कांहीं स्थानच नाहीं काय? असें मी मुळींच म्हणत नाहीं. गरिबानें उपयोगापुरतें पाहावें, रंगरूप श्रीमंतांसाठीं, ही विचारसरणी मला उद्धट वाटते. मोटो ई ची पाठ काढून तिच्या जागीं निरनिराळ्या रंगांच्या पाठी बसवितां येत. ती थोड्या पैशांतली हौस होती, आणि तिच्यासाठीं कोणत्याही आवश्यक गोष्टीचा बळी दिलेला नव्हता. तळहातांत नीट बसणारी घडण, अंगठ्याच्या टप्प्यांत येणारीं बटणें, हींही सौंदर्याचींच अंगें आहेत. खोट्या डोळ्यांवर माझा राग आहे तो ते शोभेचे आहेत म्हणून नाहीं. ते कामाचे असल्याचा आव आणतात म्हणून आहे.

गेल्या मे महिन्यांत तेच गृहस्थ पुन्हां आले. या खेपेस धाकट्या मुलासाठीं. थोरली आतां कॉलेजांत आहे. "सर, तुम्ही नुसते बरोबर चला; बोलायचं ते मी बोलतो," असें म्हणून त्यांनीं खिशांतून घडी केलेला कागद काढला. त्यावर मुलीच्या अक्षरांत पांच-सहा प्रश्न लिहिलेले होते, आणि तिच्या जुन्या वहीचें एक पानही त्यांनीं बरोबर घेतलें होतें. दुकानदारानें तीन डोळ्यांचा चकचकीत फोन पुढें केला. गृहस्थांनीं वहीचें पान त्यापुढें धरलें आणि, "याचा फोटो काढा, आणि मला अक्षर वाचून दाखवा," असें सांगितलें. मग आंत मोकळी जागा किती, ती कोणत्या जातीची, नवी बॅटरी या गांवांत कोण बसवून देतो, हें सर्व त्यांनीं कागदाच्या क्रमानें विचारलें. जातीच्या प्रश्नाला दुकानदाराला स्वतःच्या फोनावर शोध घ्यावा लागला. पाऊण तासानें प्लॅस्टिकच्या पाठीचा एक साधा फोन घेऊन आम्ही बाहेर पडलों. मुलाला निळा हवा होता. तो त्या दुकानांत नव्हता, म्हणून काळा घ्यावा लागला, आणि घरापर्यंत तो आम्हां दोघांशींही बोलला नाहीं.