बर्फावरची माणसे



आमच्या धारवाडच्या सप्तापुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासांची दाटी आहे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचे आठ सदस्य इथली मुले घडाघडा सांगतात. पण १९९६ साली स्थापन झालेल्या या परिषदेत इनूइट, सामी अशा मूळ रहिवाशांच्या सहा संघटनांनाही कायमचे स्थान आहे. त्यांना मताधिकार नाही. तरीही त्यांच्याशी सल्लामसलत झाल्याखेरीज निर्णय घ्यायचा नाही, असा तिथला दंडक आहे. जगात असा मान क्वचितच कुणा आदिवासींना मिळाला असेल.

तोच आता धोक्यात आला आहे. बर्फ वितळतो आहे, तसे जहाजांचे नवे मार्ग आणि खनिजे सत्तांच्या नजरेत भरू लागली आहेत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशिया सोडून सातही देशांनी परिषदेचे काम थांबवले. त्याची झळ या संघटनांच्या व्यासपीठालाही बसली. २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या अध्यक्षांनी ग्रीनलँड ताब्यात घेण्याची भाषा केली. तिथे सुमारे ५७ हजार माणसे राहतात, बहुतेक इनूइट. १९५३ मध्ये अमेरिकी हवाई तळापायी तिथल्याच थूलेच्या इनूइट कुटुंबांना काही दिवसांत घरे सोडावी लागली होती. ती आठवण तिथे अजून जिवंत आहे.

आपला याच्याशी संबंध काय? आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो आणि वास्कोची गाडी धारवाडहूनच जाते. उत्तरेकडच्या बर्फाचा आपल्या पावसाशी असलेला संबंध या केंद्रातले शास्त्रज्ञ तपासत आहेत. २०१३ पासून भारत परिषदेचा निरीक्षक आहे. त्या जागेवरून खनिजांआधी माणसांचा विषय निघावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

हा आग्रह घरापासून धरायला हवा. म्हादई नदीच्या पाणीवाटपाच्या लवादासमोर कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र ही राज्येच पक्षकार होती. २०१८ मध्ये निवाडाही आला. म्हादईचा कळसा नाला जिथे मलप्रभेकडे वळवायचा, ती कणकुंबी खानापूर तालुक्यातली, मराठी बोलणारी. हुबळी-धारवाडच्या नळांना मलप्रभेचे पाणी येते. म्हणून कणकुंबीच्या शेतकऱ्याचे म्हणणे आधी आपणच ऐकले पाहिजे. ज्याची जमीन, ज्याचे पाणी, त्याला पहिला शब्द: हा न्याय आर्क्टिकला लागू असेल, तर पश्चिम घाटालाही असलाच पाहिजे.

 

— संपादक
सप्तापूर, धारवाड