‘बरे आहे’ म्हणजे किती बरे?

दम्याच्या माणसाला तब्येत विचारा. ‘शुक्र आहे अल्लाहचा, बरे आहे’ एवढेच तो म्हणतो. पण जिना चढताना दोनदा थांबतो, रात्री उशा रचून बसतो, लोबानचा धूर दिसला की दारातूनच परततो. हे सारे त्या ‘बरे’मध्ये कुठे धरले जाते?

दवाखान्यात नळीत फुंकून श्वासाचा जोर कळतो. जगणे किती अडले आहे, ते कळतेच असे नाही. म्हणून कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात एलिझाबेथ जुनिपर व सहकाऱ्यांनी १९९२ साली ३२ प्रश्नांची प्रश्नावली मांडली. मागच्या दोन आठवड्यांत धाप किती लागली, कोणती कामे सोडली, मनात भीती किती होती, धूळ-धुराने किती छळले? प्रत्येकाला १ ते ७ गुण. ७ म्हणजे त्रास नाही. मुलांसाठी २३ प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, आणि ती आई-वडील जवळ नसताना विचारायची असते. शिक्षक म्हणून आम्हाला ही अट फार पटते. अम्मी शेजारी असली की मूल तिच्या तोंडाकडे बघूनच उत्तर देते.

घरी करण्याजोगी चाचणी याहून सोपी आहे: अस्थमा कंट्रोल टेस्ट. बारा वर्षांवरील रुग्णाने मागचे चार आठवडे आठवून पाच प्रश्नांची उत्तरे द्यायची. काम किंवा शाळा किती अडली? धाप किती वेळा लागली? रात्री किंवा पहाटे झोप किती वेळा मोडली? तातडीचा पंप किती वेळा घ्यावा लागला? दमा आटोक्यात आहे, असे स्वतःला किती वाटते? प्रत्येकी ५ पैकी गुण, एकूण २५. बेरीज १९ किंवा कमी आली, तर दमा आटोक्यात नाही. डॉक्टरांना दाखवायला हवे.

आपले सेलू कापसाच्या बाजारपेठेचे गाव. हंगामात जिनिंगची धूळ, घरात चुलीचा धूर. तेव्हा ही बेरीज एकदाच करून भागत नाही. दर महिन्याला तारीख घालून वहीत लिहा आणि वही दवाखान्यात न्या.

मुलींबद्दल मुद्दाम सांगतो. ‘स्थळ मोडेल’ या भीतीने पंप कपाटात लपवला जातो आणि रोजचा डोस चुकतो. पंपाची सवय लागते, हाही गैरसमजच. तिला एकटीला बसवून हे पाच प्रश्न विचारा. ‘बरे आहे’च्या मागे काय दडले आहे, ते तीच सांगेल.