वनपट्ट्यावर दोघांची नावे, मग सातबारावर एकाचेच का?



मेळघाटातल्या कोरकू जोडप्याचा वनपट्टा एकदा हातात घेऊन पाहा. त्यावर नवरा आणि बायको, दोघांची नावे असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने तसे बंधनच घातले आहे. हा पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही. आता घाट उतरून खाली या. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरचे सातबारे काढा. पेरणी, निंदण, कापसाची वेचणी जिच्या हाताने होते तिचे नाव बहुतेक उताऱ्यांवर नवरा गेल्यावरच चढते.

वनपट्ट्याने कोरकू बाईचे सगळे भागले असेही नाही. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे बापाच्या किंवा नवऱ्याच्या जुन्या शेतीत तिचा वाटा जमातीच्या रूढीवर अवलंबून राहतो. जुलै २०२५ मध्ये एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की, बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिला समान वाटा मिळाला पाहिजे. निकाल चांगला आहे. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि धारणीच्या बाईला ती परवडत नाही.

परदेशात नवराबायको लग्नानंतरही मालमत्तेचा करार लिहून ठेवतात. महाराष्ट्रात अशा करारासाठी वेगळा कायदा नाही आणि तो कोर्टात टिकेल याचा भरवसा नाही. शेतकऱ्याने भरवसा ठेवावा असा कागद एकच, जमिनीचा. बँक, सोसायटी, पीकविमा, नुकसानभरपाई, जिथे जाल तिथे आधी विचारतात, सातबारा कोणाच्या नावे?

हे आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. १९८९ साली अमरावतीलाच शेतकरी महिला आघाडीचे अधिवेशन झाले आणि लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम पुढे आला. ज्या गावात शंभर कारभारी आपल्या शेताचा तुकडा लक्ष्मीच्या नावे करतील ते गाव लक्ष्मीमुक्तीचे. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरने ते करून दाखवले. पुढे सरकारलाही १५ सप्टेंबर १९९२ चे परिपत्रक काढावे लागले. नवऱ्याने हयातीत स्वखुशीने अर्ज केला तर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. सोय झाली, अर्ज करणारे मात्र थोडे.

का थोडे? पारावर तीन कारणे ऐकू येतात. पहिले, घर फुटेल. नावाने घर फुटत असते तर दोन भावांची नावे एका उताऱ्यावर राहिलीच नसती. दुसरे, बाई जमीन घेऊन माहेरी जाईल. वावर काही डोक्यावर उचलून नेता येत नाही. तिसरे, तिला व्यवहार कळत नाही. सावकाराचे व्याज, दुकानाची उधारी आणि पोरांची फी हिच्याच तोंडी असते!

खरी गोष्ट वेगळी आहे. कर्जापायी कारभारी गेला की पंचनामा संपायच्या आत दीर आणि सावकार दारात उभे राहतात. ज्या बाईचे नाव आधीच उताऱ्यावर आहे ती त्यांना तोंड देऊ शकते. बाकीच्यांना वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे चकरा माराव्या लागतात. कोरडवाहू शेतीत पाऊस आणि भाव आपल्या हातात नाहीत. हा अर्ज हातात आहे.

दोन गोष्टी सांभाळा. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर आपल्या हिश्श्यापुरतेच नाव लावता येते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या हस्तांतराला महसूल कायद्याच्या अटी आहेत, तेव्हा आधी तहसीलदाराला विचारा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना सातबाराचा ताजा उतारा आणा, आणि कारभारणीलाही सोबत आणा. अर्ज तिथेच लिहू, तिच्यासमोर.