आधी कान, मग काठ्या

मुलगा ड्रम वाजवायचं म्हणाला की घरात पहिला प्रश्न पोटापाण्याचा निघतो. तो रास्तच आहे. पण तरुण तालवादकांवरचा हा अंक जुळवताना आम्हाला त्याआधीचा प्रश्न मोलाचा वाटला : त्याच्या कानांवर आजवर काय पडलंय?

त्रिलोक गुर्टू यांचंच पाहा. जन्म मुंबईचा, १९५१चा. आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्यातलं मोठं नाव. आजी मेनकाबाई शिरोडकर अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या. मुलगा तबल्यावर वाढला, मग पाश्चात्त्य संगीताकडे वळला. रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक आवाज चढवतात हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून ऐकू येणारं सगळं तो एकटाच वाजवू पाहायचा. किती सुंदर अज्ञान! पुढे त्यांनी स्टूल सोडून दिलं. जमिनीवर गुडघे टेकून बसायचं, तबला आणि ड्रम एकत्र मांडायचे, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा सूर थरथरवायचा. हा संच कुठल्या दुकानात तयार मिळत नव्हता.

‘ओरेगॉन’ हा गट, जॉन मॅक्लॉक्लिन यांची साथ, असं नाव जगभर झालं. आणि १९८८मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम ‘उस्फ्रेत’ काढला, तेव्हा त्यात गायला आईच होती.

म्हणून या अंकातल्या प्रत्येक मुलाखतीत, पुढे काय व्हायचंय हे विचारण्याआधी, घरात कोण गायचं हे आम्ही विचारलं आहे.