वेचाचा विचार

तुकोबांना आपण संतकवी म्हणून ओळखतो. ते देहूचे दुकानदारही होते, याची आठवण फारशी ठेवत नाही. वाण्याचा व्यवसाय त्यांच्या घराण्यात चालत आला होता आणि तराजू त्यांनी स्वतः हाती धरला होता. धन चोख व्यवहाराने जोडावे असे सांगणारा त्यांचा अभंग सर्वांना ठाऊक आहे. मात्र जोडलेले धन वेचावे कसे, हेही तेथेच सांगितलेले आहे: अलिप्त मनाने. पूर्वार्ध आपण भाषणांत वापरतो, उत्तरार्धाकडे सहसा लक्ष जात नाही. आम्हांला तर वाटते, रोजच्या वाणसामानाच्या खरेदीविषयी याहून नेमका सल्ला मिळणे कठीण आहे.

अलिप्तपणे खर्च करणे म्हणजे खर्च न करणे नव्हे. कंजूष माणूस पैशात सर्वांत अधिक गुंतलेला असतो; दोन रुपये वाचवण्यासाठी तो किडकी डाळ घेतो आणि निवडताना पाव भाग टाकून देतो. काटकसर करणारा निराळा. त्याला आपली गरज ठाऊक असते आणि गरजेपुरता खर्च करताना तो कुरकुरत नाही. ही गरज ठरवण्याची जागा दुकान नव्हे, घर आहे. डबे उघडून, तूर किती उरली, चहापूड किती दिवस पुरेल हे पाहून केलेली यादी ही आमच्या मते अलिप्तपणाची सर्वांत साधी खूण होय. जुन्या गृहिणी महिन्याच्या आरंभी यादी करीत, त्यात शिस्तीइतकेच शहाणपणही होते. ‘एकावर एक मोफत’ अशी पाटी दिसली की दुसरी वस्तू फुकट मिळाल्याचा आनंद होतो; पण यादीत पहिलीही नव्हती, हे केवळ यादीच सांगू शकते.

यादीनंतर येतो हिशेब. वेष्टनावर छापलेली किंमत ही कमाल किंमत असते. तिच्याहून अधिक घेता येत नाही एवढाच तिचा अर्थ. तीच वस्तूची वाजवी किंमत, असा नव्हे. म्हणून छापील किमतीवर किती सूट मिळाली यावरून काही सिद्ध होत नाही. मोठा पुडा स्वस्त पडतो, हाही असाच एक समज. समजा, चहाचा पाव किलोचा पुडा १४० रुपयांना आहे आणि एक किलोचा, वीस रुपये सूट जाऊन, ५८० रुपयांना. पहिला ग्रॅममागे ५६ पैशांना पडतो, दुसरा ५८ पैशांना. सूट मोठ्या पुड्यावर आहे, बचत लहान पुड्यात. खाद्यतेलाचेही तसेच. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. पिशवीवर ८०० किंवा ८५० ग्रॅम लिहिलेले असेल तर ती लिटरची पिशवी नव्हे, मग ती कितीही तशी दिसो.

या बाबतीत कायद्याने एक गोष्ट दिली आणि एक काढून घेतली. चहा, बिस्किटे, तेल अशा कित्येक वस्तू ठरावीक वजनांच्याच वेष्टनांत विकाव्यात, असे बंधन पूर्वी होते. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ते उठवले आणि त्याऐवजी दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. हा भाव बारीक अक्षरांत का होईना, वाचण्याजोगा आहे. मात्र किलोच्या आतील पुड्यावर तो ग्रॅमचा असतो, किलोच्या वरील पुड्यावर किलोचा; तेव्हा दोहोंची तुलना करताना हजाराने गुणण्याचा त्रास आपल्यालाच घ्यावा लागतो. तो घ्यावा.

येथपर्यंतचा उपदेश सोपा आहे, आणि आम्हांला त्याचीच थोडी लाज वाटते. कारण यादी, तुलना, महिन्याची एकगठ्ठा खरेदी हे सारे ज्याच्या हाती पहिल्या तारखेला रक्कम येते त्याच्यासाठी आहे. ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हाती पडते, तो त्या रात्रीपुरते तेल आणि पीठ घेतो. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते हे खरे. पण डाळ, तांदूळ, तेल यांच्या बाबतीत थोडेथोडे घेणाऱ्याला सहसा दर अधिकच पडतो. शिवाय ज्याचे नाव वाण्याच्या उधारीच्या वहीत आहे, त्याला दुसऱ्या दुकानी भाव विचारण्याची मोकळीक कोठून असणार? त्याला काटकसर शिकवणे म्हणजे त्याच्या अडचणीलाच त्याचा दोष ठरवणे. अलिप्तपणालाही थोडे भांडवल लागते.

यावर महाराष्ट्राने शोधलेले उत्तर एकट्यादुकट्याचे नव्हते. मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली ‘अपना बाजार’ सुरू झाला, तो ग्राहकांच्या सहकारी भांडारातून. १९७२ साली, दुष्काळ आणि महागाईच्या दिवसांत, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या; स्वयंपाकघरातला हिशेब प्रथमच एवढ्या मोठ्या आवाजात सरकारपुढे मांडला गेला. आणि १९७५ साली बिंदुमाधव जोशी, गायक-संगीतकार सुधीर फडके आदींनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. तिची रीत साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, माल घाऊक भावाने आणायचा आणि आपसांत वाटून घ्यायचा. दुकान नाही, जाहिरात नाही, मोह पाडणारी मांडणी नाही. मागणी घरी बसून आधीच लिहायची असल्याने यादीची शिस्तही आपोआप आली.

अशा उपक्रमांना मर्यादा होत्या. आगाऊ नोंदणी आणि वाटपासाठी द्यावा लागणारा वेळ ज्याला परवडतो, त्यालाच त्यांचा पुरता लाभ झाला. रोजंदारीवरचा माणूस पुष्कळदा बाहेरच राहिला. तरीही दिशा हीच योग्य होती, असे आमचे मत आहे. आज दहा मिनिटांत सामान दारी येते, आणि यादी करण्याची गरजच उरली नाही असा भास होतो. वस्तूची आठवण आणि तिची मागणी यांत पूर्वी जे काही तास जात, त्यांतच विचाराला जागा होती.

तेव्हा आपल्यापुरते डबे उघडून पाहावेत, ग्रॅमचा भाव वाचावा. पण चाळीत, सोसायटीत किंवा वस्तीत दहा घरांनी मिळून तांदळाचे एखादे पोते आणले आणि ज्याला जमेल त्याने आठवड्याच्या हप्त्याने पैसे दिले, तर वाचलेला पैसा ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्यापर्यंतही पोचेल. देहूच्या त्या दुकानदाराला हा हिशेब पटला असता, असे आम्हांला वाटते.