श्वानांसाठी ट्रेडमिल : वाट की पळवाट?

भंडारा, प्रतिनिधी

नवतपा सुरू झाला की भंडारा, तुमसर, पवनी येथील डांबरी रस्ते सकाळीच तापू लागतात. पारा 45 अंशांच्या घरात जाणाऱ्या या जिल्ह्यात पाळीव कुत्र्यांचे फिरणे उन्हाळाभर जवळपास थांबते. जर्मन शेफर्ड, लॅब्रेडॉर अशा दिवसभर कामासाठी घडविलेल्या जाती फाटकाजवळच्या साखळीला दिवस काढतात. महानगरांतील श्वानप्रेमींनी यावर शोधलेला उपाय म्हणजे ट्रेडमिल. श्रीमंतांचे चोचले म्हणून त्याची टिंगल सहज करता येते. परंतु त्यामागचा प्रश्न टिंगलीचा नाही.

प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या केंद्रीय कायद्यातील कलम 11 नुसार, सतत बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास कमाल दंड मात्र 50 रुपये! त्यातही हा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाविना तपास करता येत नाही. कुत्र्याच्या गळ्यातील पट्ट्यालाही आज याहून अधिक पैसे पडतात.

याच जिल्ह्यात शंकरपटाच्या बैलांची निगा कशी राखली जाते, हे वेगळे सांगायला नको. त्यांचा खुराक, मालिश, सराव यांत हयगय होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यतींवर बंदी आणली, तर 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. पटाला आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलाच्या धावण्यावर एवढा खल झाला. कुत्र्याच्या न धावण्यावर कोणी बोलत नाही.

कुत्र्यांविषयीची चर्चा सध्या मोकाट कुत्र्यांभोवतीच फिरते. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या परिसरातून ती हटविण्यास सांगितले. दरम्यान, रस्त्यावरील टोळीच्या भीतीने पाळीव कुत्रा घराबाहेर काढणेच अनेकांनी सोडले आहे. ऊन आणि ही भीती, या दोहोंमुळे घरातील यंत्राचा मोह वाढतो.

यंत्र निरुपयोगी नाही. शस्त्रक्रियेनंतर स्नायूंना बळ देण्यासाठी पशुवैद्यक ते वापरतात; पाण्यात चालविणाऱ्या ट्रेडमिलमुळे सांध्यांवरील भारही हलका होतो. मात्र माणसांच्या यंत्राचा पट्टा मोठ्या कुत्र्याच्या ढांगेला अपुरा पडतो. कुत्र्याची दोरी यंत्राला बांधून मालकाने आत टीव्ही पाहत बसणे तर जीवघेणे. पाय घसरला तर फास बसतो. सुरुवात बंद पट्ट्यावर नुसते उभे करण्यापासून व्हावी, मग अगदी मंद गतीने मोजकी मिनिटे. हाडांची वाढ पूर्ण न झालेली पिल्ले, पोटभर जेवलेला वा कंबरेचा सांधा दुखावलेला कुत्रा यांना त्यावर चढवू नये.

वैदर्भीय घरांत आणखी एक अडचण आहे ती कुलरची. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो शरीर थंड ठेवतो. बंद खोलीतील कुलरने हवा दमट होते आणि धापांचा उपयोग घटतो. शरीराचे तापमान एरवी 38 ते 39 अंशांदरम्यान असते. ते 41 च्या वर गेल्यास उष्माघाताने प्राण जाऊ शकतो. आखूड नाकाच्या पगला हा धोका अधिक. म्हणजे ज्या उन्हापासून वाचवायला यंत्र आणले, ते ऊन वेगळ्या रूपाने खोलीत शिरते. खिडक्या उघड्या ठेवणे आणि धाप वाढताच थांबणे, एवढे पथ्य तरी हवेच.

शिवाय पट्ट्यावर वास नसतो. कुत्र्याचे फिरणे हे निम्मे हुंगणे असते. भंडाऱ्यात पहाटे पाच वाजता खांब तलावाच्या बाजूने चक्कर मारली, तर रस्ता तापलेला नसतो आणि वर्दळही नसते. ट्रेडमिल घेऊ पाहणाऱ्या किती घरांत तो गजर लावला जातो, हा प्रश्न विक्रेता विचारत नाही.